उपाशीपोटी यावे

२ जानेवारी, शुक्रवार

शी! समाजसेवेचीसुद्धा फाईल करावी लागते!

ऐश्वर्यानं रूमवर आल्या आल्या मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. लातूरच्या एका ट्रस्टची जाहिरात. नीटची तयारी, राहणं, खाणं, सगळं त्यांच्याकडून. बॅच फेब्रुवारीत सुरू. मागच्या नीटचे मार्क बघतात — ते माझे बसतात. पण खाली बारीक अक्षरात: मुलाखतीला येताना सामाजिक कार्याची फाईल आणावी, फोटोंसह.

म्हणजे नुसती बायोलॉजी येऊन उपयोग नाही, कुणाच्या तरी तोंडात केळ कोंबतानाचा फोटो पाहिजे. हे लोक पेशंटला काय फाईल दाखवून बरं करणार आहेत?

पण मला ही जागा पाहिजे. खोटं काहून लिहू, इथं कोण वाचतंय! दोनदा नीट दिली, दोनदा थोडक्यात गेली. बीएस्सीला नाव घातलंय ते नुसतं घरी बसायला नको म्हणून. बाबा पुसेगावहून फोनवर म्हणाले, अजून एक डाव बघ, पण लातूरला ठेवणं आपल्याच्यानं होणार नाही. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं. ही जागा मिळाली तर मी डॉक्टर. नाहीतर कुठल्यातरी कॉलेजात पोरांच्या जर्नलवर सह्या करत बसायचं.

४ जानेवारी, रविवार

वर्गातला रुद्रही त्याच जागेच्या मागं आहे. डोंगरकड्याचा, घरची केळीची मोठी बाग. त्यानं आज बस स्टँडवर स्वच्छता अभियान ठेवलं होतं. आमचं एनएसएसचं सगळं पथक गेलं. तर सफाईवाल्या बायकांनी सकाळीच स्टँड लख्ख झाडून काढलेलं! आता काय करायचं? रुद्रनं दोन पोती पाला आणवला आणि फलाटापुढं पसरला. मग आम्ही तो झाडला. फोटो झाले. पाला तिथंच कोपऱ्यात ढकलून सगळे उसाचा रस प्यायला गेले. रसवंतीतून बघितलं तर त्याच बायका परत झाडू घेऊन आलेल्या.

ओकारी आली मला. आणि मीही झाडू धरून उभी होते! तिसऱ्या रांगेत. फोटोत माझं अर्धं कपाळ आलंय.

५ जानेवारी, सोमवार

माझ्या फाईलीत आजच्या तारखेला काय आहे? चौथीत वक्तृत्वात आलेला दुसरा नंबर.

६ जानेवारी, मंगळवार

ठरवलं. करायचं तर खरं काम करायचं. आमच्या कॉलेजनं शिरड शहापूर गाव दत्तक घेतलंय, तिथं रविवारी शुगर तपासणीचं शिबिर. गावात म्हाताऱ्या माणसांना शुगर असते आणि पत्ता नसतो. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचं, ज्यांची जास्त निघेल त्यांना दवाखान्यात पाठवायचं. काय अवघड आहे त्यात?

विजयकुमार सर, आमचे एनएसएसचे, ऐकून खुर्चीतून उठलेच. मला वाटलं विचारतील, मशीन किती लागतील, कोण तपासणार. तर म्हणाले, "बॅनर केवढं करायचं?" त्यावरच अख्खी दुपार गेली. कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, भाऊंचा केवढा. भाऊ म्हणजे तिकडचे पुढारी, प्रमुख पाहुणे. तपासणी करणाऱ्या लॅबवाल्याचं नाव बॅनरवर नाहीच. माझं आहे, खाली, 'संयोजक' म्हणून. ते मी दोनदा वाचलं हेही लिहून ठेवते.

दवंडीचा मजकूर मीच लिहिला. 'सर्वांनी सकाळी उपाशीपोटी यावे.'

९ जानेवारी, शुक्रवार

शिरडला घरोघर फिरले. रुद्र पण आलाय मधे, सर म्हणाले घे त्याला. तो दारात उभा राहतो, हात जोडतो, सेल्फी काढतो, पुढच्या दारात. माणसाचं नावसुद्धा विचारत नाही! मला त्याच्याशेजारी चालायची किळस येऊन राहिली.

शाळेच्या मागं सोजराआजी भेटल्या. लई बोलक्या. ओट्यावर शेंगा फोडत होत्या, माझ्या ओढणीत ओंजळभर टाकल्याच. त्यांना शुगर आहे म्हणे, गोळी चालू आहे सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, मग तर नक्की या, बघू किती आहे. त्यांनी विचारलं, त्या दिवशी गोळी घेऊ का नको? मी ठासून सांगितलं, आजी, गोळी कधीच चुकवायची नाही.

त्या म्हणाल्या, "डाक्टरीणबाई म्हणतील तसं."

परत येताना ऑटोत रुद्र काय बडबडत होता, मला काही ऐकू आलं नाही. डाक्टरीणबाई!

११ जानेवारी, रविवार

हात अजून चिकट वाटतात. धुतले तरी.

सकाळी आठच्या आत बायामाणसं शाळेच्या मैदानात येऊन बसली. साठ-सत्तर तरी असतील. कुणी चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता, मी लिहिलं होतं ना तसं. लॅबवाला तयार. मशीन तयार. म्हटलं सर, सुरू करू. तर नाही! पहिली सुई भाऊंच्या हस्ते. एका मशीनला लाल फीत बांधलेली — खरंच, बोटाएवढ्या मशीनला फीत! — ती कापायची, मग भाऊ एका माणसाच्या बोटाला सुई लावणार, मग तपासणी.

भाऊ नऊला येणार होते. दहा वाजले. गाडी निघाली म्हणे. साडेदहाला परत निघाली. ऊन खुर्च्यांवर आलं. मी सरांकडं तीनदा गेले. एवढ्यांचं बोट टोचून घेऊ द्या, त्यांना खायला तरी देता येईल. सर हसत म्हणाले, "अगं, आधीच तपासलं तर उद्घाटन कशाचं करायचं?" पाहुण्यांसाठी मागं पोहे झाकून ठेवलेले, त्याचा वास मैदानभर. लेकरं रडायला लागली. एक म्हातारा उठून निघाला तर रुद्रनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं, फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतील म्हणून.

अकरा वाजून गेल्यावर भाऊ आले. दीपप्रज्वलन. शाल, नारळ. सरांचं प्रास्ताविक. भाऊंचं भाषण — आरोग्य हीच संपत्ती. आणि तिसऱ्या रांगेत सोजराआजी. घामानं चिंब. जानेवारीत! हात थरथरायले, नजर भलतीकडंच. शेजारणीनं विचारलं तर काहीतरी असंबद्ध बोलल्या. मला लगेच कळलं. उपाशी, आणि वरून गोळी घेतलेली. शुगर खाली गेली.

गोळी घ्यायला मीच सांगितलं होतं. हे आज कुणालाच बोलले नाही. इथंच लिहिते.

भाषण चालू असतानाच मधून पळाले. सर डोळे वटारत होते. चहावाल्याच्या डब्यातली साखर ओंजळीनं ग्लासात टाकली, पाणी, बोटानंच हलवलं. आजींचं डोकं धरून घोट घोट पाजलं. लॅबवाल्यानं फीत बांधलेलंच मशीन उचललं, फीत ओढून फेकली, बोट टोचलं. एक्केचाळीस! सत्तरच्या खाली जायला नको असते. थोड्या वेळानं आजींनी डोळे नीट उघडले, सगळ्यांकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

मैदानात टाळ्या. भाऊंनी माईकवरून माझं नाव विचारलं.

आणि मग सर आले, पाठोपाठ फोटोग्राफर. सगळं एवढ्या घाईत झालं की त्याला एकही फोटो मिळाला नव्हता. सर म्हणाले, "शिवकन्या, परत एकदा पाज त्यांना. इकडं तोंड कर." मला शिसारी आली. खरंच आली. पण मी दुसरा ग्लास केला. साखर टाकून — पाणी गढूळ दिसायला पाहिजे म्हणून. आजी म्हणाल्या, "आता नको माय, लई गोड हाय." मी म्हटलं, आजी, एक घोट. त्यांनी लहान लेकरासारखा आ केला. फोटोग्राफरचं होईना. एक घोट, अजून एक घोट, ग्लास संपला.

लॅबवाला सरांना म्हणत होता, म्हातारीला दवाखान्यात दाखवून घ्या. सर म्हणाले, ठणठणीत आहे की आता. मीही मान हलवली. भाऊंच्या हातून माझा सत्कार चालू होता. आजी सुनेचा हात धरून कधी घरी गेल्या, मी बघितलं नाही.

बाकीच्यांची तपासणी झालीच नाही. तोवर सगळ्यांनी पोह्यांवर झडप घातली होती.

१२ जानेवारी, सोमवार

पेपरला आलं. 'विद्यार्थिनीच्या प्रसंगावधानाने वृद्धेला जीवदान.' फोटो मोठा. माझा चेहरा काळजीनं भरलेला वगैरे दिसतो. तो काळजीचा नाही, फोटोग्राफर 'हसू नको' म्हणाला होता.

शिबिर भाऊंच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी झालं, असंही छापलंय. एकाचीही शुगर न तपासता यशस्वी! माणसाला लाज कशी नाही.

कात्रणाच्या चार झेरॉक्स काढल्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांतीला घरी, पुसेगावला. बाबांनी कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलंय. पारावर, किराणा दुकानात, दाखवत फिरून राहिलेत. आई वाणाला आलेल्या प्रत्येकीला सांगते. सगळ्यांनी मला तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, आमच्या गावची डॉक्टर.

तिळगूळ मी तसाच वाटीत ठेवून दिला. पण ऐकायला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझी मलाच किळस यावी एवढं बरं वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

रुद्र म्हणतो, साखरेचा डबा मीच आणून दिला होता, फोटोवर माझंही नाव टाक. आणला होता?? हा तेव्हा भाऊंच्या मागं उभा राहून फ्रेममध्ये मावतोय का ते बघत होता! तोंडावर सांगितलं, पाला पसर अजून दोन पोती. ऐश्वर्या हसून हसून पलंगावर पडली.

२० जानेवारी, मंगळवार

फाईल सरांना दाखवली. सर म्हणाले, बाकी सगळं भरतीचं आहे, हा एक फोटो तुला लातूरला नेणार. मला माहीत आहे. मलाही तसंच वाटतं. फक्त त्यांच्या मते लाभार्थ्याचं मनोगत पाहिजे — आजींचे दोन शब्द, अंगठा, आणि आता बऱ्या आहेत असा एक हसरा फोटो. 'आधी आणि नंतर' अशी दोन पानं समोरासमोर लावायची.

आधी आणि नंतर! फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीत असतं तसं. सरांपुढून उठताना बाक लाथाडावासा वाटला. तरी परवा जाते शिरडला. मनोगताचं राहू दे, आजींना भेटायचं तर होतंच. तिळगूळही नेते — नको, त्यांना नको. बोरं नेते.

२२ जानेवारी, गुरुवार

सोजराआजी नाहीत. शिबिराच्याच रात्री गेल्या. परवा तेरवी आहे.

सून द्वारकाबाईनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी काही विचारलं नव्हतं, त्याच सांगत होत्या. "दोन गिलास साखर पोटात गेली म्हणून लई भ्याली व्हती. आता शुगर वाढंल म्हणून रातच्याला एक घास खाल्ला न्हाई. गोळी तेवढी घेतली अन् निजली. सकाळी उठलीच न्हाई."

दुसरा ग्लास मी फोटोसाठी पाजला होता. रात्री जेवा, एवढं एक वाक्य सांगायचं होतं, ते सांगितलं नाही.

मला कुणी काही बोललं नाही. उलट म्हणाल्या, तुमी व्हत्या म्हणून सकाळी तरी वाचली. मग पेपरातला फोटो पुढं ठेवला. घरात आजींचा दुसरा फोटोच नाही. हाच मोठा करून हार घालायचाय, मोबाईलमध्ये चांगला असला तर पाठवा म्हणाल्या.

"त्यात तुमी बी हाव. तुमाला कापावं लागंल ताई, राग नका मानू."