गाडीला पडवी

१४ जुलै, सोमवार

आजची शिवणही वाकडी गेली. ही तिसरी! दोन पट्टे जोडणारी अडीच मीटरची सरळ शिवण, आणि मधोमध आली की फुगते. परत उसवायला घेतली.

चाळीस वर्षं या गावात कॅनव्हास शिवला. ट्रकच्या ताडपत्र्या, तंबू, अर्ध्या ब्रोकन हिलच्या खिडक्यांवरची छपरं. आणि आता स्वतःच्या गाडीला सावलीची एक कापडी पडवी शिवता येत नाही. मशीनचा पाय झिजला असणार, दुसरं काय.

ॲव्हिस चहा घेऊन शेडमध्ये आली. शिवण बघून म्हणाली, "सरळ तर आहे की, क्लेम." मी म्हटलं, चष्मा लाव. ती कप ठेवून गेली.

१६ जुलै, बुधवार

पाठ धरलीय. मशीनला हात लावला नाही.

मार्चमध्ये ॲव्हिसच्या नाकावरची गाठ दुसऱ्यांदा काढली. डॉक्टर म्हणाले, आता उन्हात तासभरही बसायचं नाही. आणि नेमकं याच वर्षी तिकडे उत्तरेला, तिच्या बापाच्या मेंढ्यांच्या रानामागचं तळं अकरा वर्षांनी भरलं. पेलिकन उतरलेत म्हणे. ती त्या तळ्याकाठी वाढली. तिला ते बघायचंय. दोन दिवस जायला, दोन यायला, सगळा कच्चा रस्ता, आणि तिकडे माणसाएवढी सावली देईल असं एक झाड नाही.

"सावली सोबत घे, मग मी येते," असं ती म्हणाली. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर १२ ऑगस्टला गोल काढून मोकळी झाली. म्हणजे सावली माझ्याकडे लागली.

गाडी मित्राकडे, ट्रेव्हीनाकडे देऊन आठवडा झाला. छपरावरच्या रॅकला पडवीचे दोन आधार जोडायचेत आणि मेमध्ये गेटला घासलेला डावा पत्रा ठोकायचाय. तीस वर्षं त्याच गेटमधून गाडी काढतोय. तो खांबच कलला असेल.

१९ जुलै, शनिवार

दिवसभर टाके उसवले. बोटं सुजलीत.

२२ जुलै, मंगळवार

ॲव्हिस सकाळपासून चर्चच्या हॉलमध्ये. हल्ली मंगळवार-गुरुवार तिथेच असते, जत्रेसाठी चहाबरोबरचे गोड पाव, स्कोन, भाजायला. इतके स्कोन खाणार कोण? घरी एकही आला नाही.

ट्रेव्हीनाला फोन केला. "झाले का आधार?"

"होतील रे. घाई काय आहे? तू तुझं कापड बघ."

हा माणूस खाणीत वेल्डर होता. दोन पट्ट्या जोडायला याला दोन आठवडे! निवृत्त झाल्यावर माणूस इतका ढिला पडतो का? पडत असेल. मला तरी कुठे काही जमतंय.

२८ जुलै, सोमवार

चौथी शिवण घातली. तीही फुगली. उसवायचं त्राण नाही. राहू दे वाकडी. कडेला पितळी रिंगा ठोकल्या, दोऱ्या ओवल्या, घडी घातली.

लाज वाटली. कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याला असं कापड मी हातात दिलं नसतं.

३१ जुलै, गुरुवार

ट्रेव्हीनाच्या अंगणात पडवी चढवली. डाव्या बाजूला, नेहमीसारखी. रस्त्यापासून लांब, शेजारी बसणाऱ्याच्या दारावर. ॲव्हिस तिथेच होती. स्कोन लवकर संपले म्हणे.

मी लांब उभा राहून बघत होतो. मागचं टोक सरळ सरळ खाली गेलेलं. ट्रेव्हीनाने लेव्हलची नळी लावली. "बुडबुडा मधोमध आहे, क्लेम."

"मग तुझी नळी खोटी."

"नळी काल घेतलीय."

"मी हे काम चाळीस वर्षं करतोय. नळ्या मला शिकवू नकोस." बोल्ट सैल करवून घेतले, मागचं टोक दोन बोटं उचललं आणि नजरेच्या अंदाजाने आवळले. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चिडलो होतो, म्हणून विचारलं नाही काय ते.

गाडीच्या चाकांना लाल माती होती. ट्रेव्हीना म्हणाला, ब्रेक बघायला बाहेर काढली होती.

२ ऑगस्ट, शनिवार

आज कापडाला पाणी पाजलं.

या गावात पाणी कुणी उगाच सांडत नाही, पण नवा कॅनव्हास भिजवल्याशिवाय रानात न्यायचा नसतो. सूत फुगतं, सुईची भोकं आपोआप भरतात. ट्रेव्हीनाने पाण्याचा पाइप सोडला. मी जिथे तीनदा उसवलं होतं, तिथे भोकंच इतकी झालेली की भरणार कशी? थेंब गळायला लागले. खाली कोरड्या सिमेंटवर ओल्या ठिपक्यांची एक ओळ उमटली. मधोमध फुगलेली.

मला बरंच वाटलं. म्हटलं, "बघ. आता पाणीसुद्धा सांगतंय."

"काय सांगतंय?" ट्रेव्हीना म्हणाला. "दोरी मारल्यासारखी ओळ आहे. आणि वरचं सगळं पाणी पुढच्या टोकाला पळतंय, तेही बघ. मागची बाजू तू उचललीस ना."

पाणी तिकडेच पळत होतं. पाण्याला माझ्याशी काय वैर?

मग मी शेडच्या दाराची चौकट बघितली. तीही मधोमध फुगलेली. कुंपणाची तारही. उजवा डोळा झाकला – सगळं सरळ झालं. डावा झाकला – तार वाकली, आणि ट्रेव्हीनाच्या तोंडाच्या जागी नुसता करडा डाग.

पिंपावर बसलो. ट्रेव्हीनाने पाणी बंद केलं. ॲव्हिस म्हणाली, "चहा करते." काय झालं, असं तिने विचारलंच नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटींचा कागद दाखवला. उजव्या डोळ्याला मधल्या चौकटी वितळल्यासारख्या दिसतात. पडद्यामागे रक्त झिरपतंय. वीस तारखेपासून दर महिन्याला ॲडलेडला डोळ्यात इंजेक्शन. डावा अजून बरा आहे. ॲडलेडचे डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत गाडी चालवायची नाही.

घरी आल्यावर ॲव्हिसला म्हटलं, "तळं राहिलं."

ती "हं" म्हणाली आणि डब्यात बिस्किटं भरत राहिली. निदान वाईट वाटल्यासारखं तरी दाखवायचं.

मला भीती वाटतेय. इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे म्हणवत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

ट्रेव्हीनाने लेव्हलची नळी लावून पडवी नीट बसवली. या वेळी मी बोल्टला हात लावला नाही. नंतर गळक्या भोकांवर मेण घासलं, डोळे मिटून, अंगठ्याच्या नखाने शिवण चाचपत. या टोकापासून त्या टोकापर्यंत नख एकदाही हललं नाही. रुळासारखी सरळ.

म्हणजे आधीच्या तिन्हीही तशाच असणार. चांगल्या शिवणी उसवल्या मी, आणि तिला म्हणालो चष्मा लाव.

१० ऑगस्ट, रविवार

कॅलेंडरवरचा गोल खोडायला गेलो. ॲव्हिस म्हणाली, "पेन ठेव खाली."

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सातला ट्रेव्हीना गाडी दारात लावून गेला. डबे, पाणी, खुर्च्या सगळं आत भरलेलं. निदान बसून तरी बघू म्हणून सवयीने उजव्या दाराने चढलो, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे सरकवलेली. आरसा खाली वळवलेला. पाठीशी ॲव्हिसची उशी.

ती बाहेर उभी, हातात किल्ली. आयुष्यात तिने ही गाडी चालवली नव्हती.

"स्कोन?" मी विचारलं.

"एकही भाजला नाही. लाल मातीच्या रस्त्यावर ट्रेव्हीनाच्या जिवाला घोर लावला महिनाभर."

"तुला कधी कळलं?"

"मेमध्ये, गेट घासलं तेव्हा. मी तुझ्या डावीकडे बसते, क्लेम. खांब किती जवळून जातात ते मला दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. शिवण सरळ आहे म्हणून." मग म्हणाली, "चल, उतर."

उतरलो. गाडीला वळसा घालून डाव्या दाराने, पडवीच्या बाजूने, आत बसलो. अक्षर वाकडं येतंय, पण ते रस्त्यामुळे. गाडी ती चालवतेय.