नाताळच्या मिस्सातला डावा हात

उमेळे
शनिवार, १७ जून २००६

प्रिय रोझलिनताई,

तू आणि बाळ बरे असाल. पप्पांचं मनगट अजून ठणकतं, बाकी ठीक.

आधी माझी चूक दुरुस्त करते. गेल्या पत्रात लिहिलं होतं, मॅजिस्ट्रेटनी भावोजींना निर्दोष ठरवलं. तसं झालेलं नाही. खटला सुरूच झाला नाही. आरोप ठेवण्याआधीच त्यांना सोडून दिलं. एकाही साक्षीदाराला विचारलं नाही, मलाही नाही. आणि फिर्याद माझी! वाडी बिल्डरला द्यायला पप्पा नाही म्हणाले आणि भावोजींनी पहार उचलली, तेव्हा विहिरीपाशी मीच उभी होते.

सोडलं कशावरून? नाताळच्या मिस्सात पप्पांनी त्यांना हात दिला, म्हणजे समेट झाला, असं आदेशात आहे. ताई, फादर ‘एकमेकांना शांती द्या’ म्हणाले की शेजारी असेल त्याला आपण सगळेच हात देतो. भावोजी मुद्दाम आमच्या बाकावर येऊन बसले होते. पप्पांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी डावा दिला.

मी चिडून विचारलं, दिलात कशाला? म्हणाले, “देवळात मागितला तर देनार नाय? शांती दिली गो. केस नाय दिली.”

वकील संपदा सावेंना मी तेच तेच विचारत राहिले. त्या वैतागल्या. “अगं, पहारीने हाड मोडणं हा घरच्या घरी मिटवायचा गुन्हाच नाही. आणि आरोपीने आणलेला कागद या टप्प्यावर बघायचा नसतो. वरच्या कोर्टात जायचं की नाही, तेवढं सांग.”

तो कागद. मघापासून मी त्याच्याभोवतीच फिरते आहे. ते प्रतिज्ञापत्र तुझं आहे. ‘वडिलांनी हात देऊन समेट केला, आता तक्रार उरली नाही’ असं लिहून खाली तू सही केलीस. पप्पांना भात कालवून द्यायला मात्र एकदाही आली नाहीस. तुला त्या घरात राहायचंय, हे मला कळतं. पण बाकावर तू माझ्या शेजारी होतीस. डावा हात तूही पाहिलास. तो का नाही लिहिलास?

मी वरच्या कोर्टात गेले तर त्याचा राग भावोजी तुझ्यावर काढतील, या भीतीने मला झोप नाही. तरी थांबणार नाही. तसं काही झालं तर बाळाला घेऊन सरळ इथे ये. कोणी काही विचारणार नाही.

नोटीस येण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. सोमवारी, २६ जूनला, मी सेशन्स कोर्टात अर्ज दाखल करणार आहे.

तुझीच, म्हणूनच इतकी रागावलेली,
जीना