लहान एफ, मोठा एफ

३ डिसेंबर, मंगळवार
दुपारी काउंटरवरून बोलावणं आलं. एक मराठी बाई आहेत, हिंदी जमत नाही, तुम्ही बोला. हरवलेल्या माणसांच्या या कक्षात मी फक्त डेटाबेस सांभाळते, लोकांसमोर बसत नाही. तरी गेले.
शालन कदम, साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत, सध्या लेहला. ही इथे दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये. सासरे, तात्या, पहिल्यांदाच दिल्लीला आलेले. २६ नोव्हेंबरला स्टेशनच्या पहाडगंज बाजूला ही ऑटो ठरवत होती, वळून पाहिलं तर तात्या नाहीत. तेव्हापासून रोज येतेय.
तिच्यासमोरच पुन्हा शोध घेतला. वय सत्तरच्या पुढे, हिरवा मफलर, मराठी. सापडलेल्यांच्या यादीत कुणी नाही.
"ताई, तात्यांस्नी हिंदी येत न्हाई," ती म्हणाली. "पत्ता इचारायचा तर कुणाला इचारतील?"
थंडी वाढलीय.

४ डिसेंबर, बुधवार
शालन आली, बाकावर बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिला घेऊन मेट्रोने पहाडगंजला गेले. का गेले माहीत नाही. तिसऱ्या चहावाल्याने फोटो ओळखला. बाबाजी ना? त्यांना त्याच संध्याकाळी पोलीस रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, घेऊन गेले.
म्हणजे सापडले होते. मग आमच्या यादीत का नाहीत?
रैनबसेऱ्यात फोन लावला, कुणी उचलेना. आमच्या साहेबांना, मेहरा सरांना, सांगितलं. ते म्हणाले, तिथल्या नसीमजी एंट्रीच करत नसतील, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं असंच असतं.

५ डिसेंबर, गुरुवार
नसीमजी सकाळी फोनवर भेटल्या. शांतपणे म्हणाल्या, "मैंने सत्ताईस को ही चढ़ाया था. हरा मफलर मैंने खुद लिखा है." आणि पुढे, बाबाजी २ तारखेला सकाळी निघून गेले. फाटक उघडं होतं. घरी जातो असं काहीतरी बोलत होते, भाषा कळली नाही.
पाच दिवस होते तिथे. शालन त्यातले बहुतेक दिवस आमच्या बाकावर.
मेहरा सरांकडे न जाता डेटाबेस उघडला. टेबलांची, म्हणजे ज्यांत नोंदी राहतात त्या तक्त्यांची, पूर्ण यादी काढली. 
फाउंड, म्हणजे 'सापडलेले', या इंग्रजी नावाची दोन टेबलं. एक मोठ्या एफचं, एक लहान एफचं. मोठ्या एफवाल्यात जुन्या वर्षांची सगळी नावं, १८ नोव्हेंबरनंतर एकही नाही. लहान एफवाल्यात १८ नोव्हेंबरपासूनची एक्केचाळीस माणसं. तेविसावी ओळ: नाव समजत नाही, वृद्ध, हिरवा मफलर, भाषा शायद मराठी.
दोन्ही मीच बनवलेली.

५ डिसेंबर, पुन्हा
नीट लिहून काढते, नाहीतर स्वतःशीच खोटं बोलेन.
नव्या डेटाबेसवर आलो तेव्हा पहिलं टेबल मी माउसने क्लिक करायच्या टूलमधून केलं, नाव टाइप करताना एफ मोठा. टूल गुपचूप नावाभोवती अवतरणचिन्हं घालतं. चिन्हं असली की हा डेटाबेस अक्षर जसंच्या तसं धरतो; नसली की सगळं लहान करून टाकतो. आधीच्या डेटाबेसला लहान-मोठ्याने फरक पडत नसे, मी त्याच सवयीत.
शोधाचा प्रोग्राम चिन्हांसकट विचारतो, म्हणजे मोठा एफ. रैनबसेऱ्यांचा एंट्री प्रोग्राम चिन्हांशिवाय, म्हणजे लहान. १८ तारखेला एंट्री सुरू झाली, लगेच एरर: असं टेबल नाही. मेहरा सर पाठीमागे उभे, अभी चाहिए. मला वाटलं आधीचं सेव्हच झालं नसेल. कमांड लिहून पुन्हा बनवलं. एरर गेली. यादी उघडून पाहिली नाही. एक मिनिट लागलं असतं.
त्यानंतर कुठेच एरर नाही. एकीकडे लिहिलं जात होतं, दुसरीकडे शोधलं जात होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी दोन्ही एकत्र केली, दोन्ही प्रोग्राममध्ये नाव लहान अक्षरांत, चिन्हं काढली. दुपारपर्यंत सहा जण जुळले. सहा घरांत फोन गेले. ऑफिसात मिठाई आली. मी माझा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला.
शालनला आज काउंटरवर टाळलं. मागच्या दाराने.

७ डिसेंबर, शनिवार
मेहरा सरांनी रिपोर्टचा मसुदा दाखवला. 'एंट्री स्तरावरील चूक.' म्हणजे नसीमजी. मार्चमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतं.
मी सांगितलं, चूक माझी आहे. त्यांनी मसुदा बंद केला. मग म्हणाले, "सोच लो. तुम्हारी परमनेंट नौकरी है."
घरी आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, त्या बाईला सांगितलंस का?

९ डिसेंबर, सोमवार
रिपोर्ट माझ्या नावाने दिला. नसीमजींचं नाव कुठेही नाही. चौकशी होणार, तारीख अजून ठरलेली नाही.
शालनला बाहेर कँटीनमध्ये नेऊन सांगितलं. टेबल, अक्षर, काही नाही. एवढंच, की तात्या पाच दिवस आमच्याकडे लिहिलेले होते आणि माझ्या चुकीमुळे दिसले नाहीत.  तिचा चहा तसाच राहिला. "मी रोज इचारत व्हते," म्हणाली, आणि उठून गेली. तिने ओरडायला हवं होतं.

१० डिसेंबर, मंगळवार
शालन आली नाही. आसपासच्या शहरांतल्या हॉस्पिटलांना फोटो पाठवत बसले.

११ डिसेंबर, बुधवार
मथुरेच्या सरकारी हॉस्पिटलातून फोन. एक म्हातारे गृहस्थ, स्टेशनवर पडलेले मिळाले, ताप आहे, बोली कळत नाही. चेहरा सुजलाय, फोटोवरून सांगता येत नाही. नर्सला म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा. मी विचारलं, आजोबा, गाव कुठलं? नुसता श्वास. पुन्हा विचारलं. बऱ्याच वेळाने, अगदी बारीक आवाजात: "जेवलीस का?"
मराठी. पण एवढंच.
शालनला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं. जसंच्या तसं सांगितलं.  ती म्हणाली, "आमच्याकडं समदीच म्हातारी असं इचारत्यात, ताई." आणि विचारलं, गाडी कितीची?
सकाळी सातची आहे, मीही तिच्याबरोबर जाणार. मेहरा सरांना रजेचा मेसेज टाकला. चौकशीही उद्याच, अकराला.