झडती

माय, आज मी दुकानदारावर हात उगारला. या वयात, भर बाजारात, नातीसमोर. त्याची चूक एवढीच की त्यानं विचारलं, "आजी, तुमची मांजर लई झडती का?" व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलो होतो आम्ही जालन्यात. विजेवर चालणारं यंत्र असतं ते, सोंडेनं केरकचरा ओढून घेतं, तुझ्या केरसुणीचं काम करतं. नातीनं दोन झुबकेदार मांजरी पाळल्यात. सोफ्यावर केस, उशीवर केस, माझ्या लुगड्यावर केस. बिचाऱ्यानं कामाचंच विचारलं होतं, पण माझ्या अंगाचा असा भडका उडाला की हातातली त्या यंत्राची नळीच मी त्याच्यावर उगारली. नात ओरडली, "आजी, डोकं फिरलं का तुझं?" फिरलंच होतं. तो शब्द मी कितीक वर्षांत ऐकला नव्हता. आपल्या घरात तूच तो बंद केला होतास.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. आपलं खेडं धावडा गावाच्या अंगाला, डोंगर ओलांडला की निजामाची हद्द संपायची. मामा, तुझा पाठचा भाऊ, त्या पलीकडं निजामाशी लढणाऱ्यांच्या छावणीत होता. मांडीत जखम घेऊन तो आला आणि तू त्याला मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांआड लपवलंस. खोलीची खिडकी बोळात उघडायची. मामा तुला म्हणाला, "अक्का, झडती आली तर एकदाच वरड, 'झडती!' दुसरं काहीच बोलू नको. मी खिडकीतून बोळात, बोळातून नाल्यात. बराबर निघून जातो." तू मान हलवलीस. अगं, शब्द काय दुनियेत कमी होते? हाच सापडला तुम्हाला? पोलिसांची झडती वर्षातून एखादी, आपली तांबडी मांजर तर अख्खा उन्हाळा झडायची. दिवसभर तुझ्या तोंडी तेच. "झडती मेली, सगळ्या अंथरुणात झडती." मामा आल्यापासून तेवढी तू जिभेला आवर घालून होतीस.

दुपार आहे. तू काटवटीत पीठ मळते आहेस, मी चुलीत काटक्या सारते आहे. मांजर येते, काटवटीला अंग घासते, आणि केसांचा झुबका पिठात पडतो. घरात पीठ तेवढंच असतं, खाणारं तोंड एक वाढलेलं असतं. तू फुंकणी उचलून फेकतेस. ती मांजरीच्या बरगडीत बसते. आणि तू जोरात किंचाळतेस, "झडती! मुडदा बशिवला हिचा, साऱ्या घरात झडती!"

आत पोतं पडल्याचा आवाज आला. पिठाचा हात तू तोंडावर नेलास. मग धावलीस, आणि धावता धावता काय ओरडलीस ते तरी आठवतं का तुला? "न्हाई रे, न्हाई! मांजर झडती! मांजर झडती!" पुन्हा तोच शब्द. तोवर मामा खिडकीतून गेल्ता.

झडती आलीच नव्हती, माय. रझाकारांची एक टोळी नुसती पाणी प्यायला पारावर टेकली होती. लंगडत पळणारा माणूस दिसल्यावर ते उठले. "रुक जा!" मामा थांबला नाही. पहिली गोळी पाठीत लागली. तो कोपरांवर सरपटत राहिला, म्हणून दुसरी गोळी खर्च न करता त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्याचं तोंड ठेचलं. मी बोळाच्या तोंडाशी उभी होते. हाडाचा आवाज ओला असतो, हे मला त्या वयात कळलं. शेजारच्या चाचीनं मला वेणीला धरून आत ओढलं. "अंदर चल बेटी, मत देख." नंतर तीच बाहेर गेली आणि त्यांच्या देखत स्वतःची चादर मामावर टाकून आली. तू डोळे मिटवायला वाकलीस, पण मिटवायला डोळे कुठं राहिले होते.

तू घरात आलीस आणि मुसळ घेतलंस. मांजर चुलीपाशी सांडलेलं पीठ चाटत होती. पहिल्या घावात तिची पाठ मोडली. तू थांबली नाहीस. मी तुझ्या हाताला लोंबकळले, तू मला जात्यावर भिरकावलंस आणि पुन्हा मुसळ उचललंस. बायका म्हणाल्या, "अगं बाई, मांजर मारली, आता काशीला सोन्याची मांजर वाहावी लागंल." तू म्हणालीस, "आन् माझा भाऊ कुठं वाहू?"

मंग तू तो शब्द कधी उच्चारला नाहीस. केस 'गळायचे', पानं 'पडायची'. झाडून झाडून तू शेणानं सारवलेली जमीन उखडलीस. शेजारच्या मांजरीचा एखादा केस माझ्या परकराला दिसला की केरसुणीचा बुडखा माझ्या पाठीत. लक्ष्मी म्हणायचीस ना तू केरसुणीला? तिनंच वळ उठवलेस. राग आहे मला त्याचा, अजून आहे. पण तो शब्द मामानं ठरवला होता, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. तू एकटीच ते घेऊन मेलीस.

दुकानदार चांगला निघाला. "जाऊ द्या आजी," म्हणाला, आणि गालिच्यावर केस टाकून एकेक यंत्र फिरवून दाखवलं. एकाच्या ब्रशाला केस गुंडाळून बसायचे, ते नको म्हटलं. एक फार ताकदीचं होतं, पण घरघराट असा की मीच दचकले. शेवटी रबरी ब्रशाचं, बारीक गाळणीचं आणि कमी आवाजाचं घेतलं. ओढ कमी पडली तर दोनदा फिरवू. मांजरी कपाटाखाली जाऊन थरथरत बसायला नकोत.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तर एवढं लिहवलं. एक राहिलं. त्या दिवशी माझं रडू थांबेना, तेव्हा बायका म्हणाल्या, "लेकराचा किती जीव होता मामावर." ते ऐकून तू मला पोटाशी धरलंस. तेवढं एकदाच धरलंस, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. म्हणून मी गप्प बसले. माय, मी मामासाठी रडत नव्हते. मांजरीसाठी रडत होते.