वकीलपत्रावरील नाव

५ जानेवारी
नात चि. वैशाली आठ वर्षे भिवंडी कोर्टात वकिली करते, एकाच साहेबांच्या हाताखाली. गोदामवाल्याने आमची शेतावरची वाट बुजवली, तो दावाही त्यांच्याकडेच. कागद सर्व तिने तयार केले. परंतु कोर्टात उभे राहून बोलताना मी तिला एकदाही पाहिले नाही. साहेबच तिला पुढे येऊ देत नसावेत, अशी शंका येते.

१२ जानेवारी
तारखेस न कळवता गेलो. मागील बाकावर बसलो. न्यायाधीशांनी नकाशाबद्दल विचारले. साहेब अडखळले. वै.ने मागून हलकेच सांगितले, तेच त्यांनी मोठ्याने म्हटले. मी चौथी पास, तरी एवढे समजते. बाहेर कारकून म्हणाला, "मॅडम तो सिर्फ तारीख लेने के लिए है, चाचा." मी कोण, हे त्यास सांगितले नाही.

१३ जानेवारी
वै.ला विचारले, साहेब तुला बोलू का देत नाहीत? "पक्षकार नको म्हणतात, आजोबा." कोणते पक्षकार? ताट उचलून आत गेली. काहीतरी लपवते.

१६ जानेवारी
साहेबांना समक्ष जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "अहो तात्या, वकीलपत्रावर सही करताना तुम्हीच म्हणालात, मुलगी कागद लिहील, उभे तुम्हीच राहा. ती इथेच बसली होती."
इतके नेमके यांना कसे आठवते, हीही शंका आली. परंतु मी तसे म्हणालो होतो, हे खरे.
वै.ने मला का सांगितले नाही? लाज राखली, की...

२१ जानेवारी
वै. साहेबांना सोडून स्वतंत्र वकिली करणार. आमचा दावा मागितला. "नात म्हणून देऊ नका. काम बघून द्या." नवे वकीलपत्र ठेवून गेली. घरच्यांनीच दिला नाही, तर आमच्या अंजूर गावातून दुसरा कोण देईल?

२५ जानेवारी
शेताचे आम्ही पाचही हिस्सेदार ओटीवर जमलो. सही वयाप्रमाणे करावयाची, ही आमची रीत. प्रथम मी केली.
धाकटा भाऊ दत्तू म्हणाला, "पोरगी हुशार हाय, कोन न्हाय बोलतो? पन गोदामवाल्याचा वकील खाऊन टाकील तिला, दादा."
पुतण्या हसला. "परवापर्यंत तात्याच तं असं बोलत व्हते."
होय, बोलत होतो, असे मी सर्वांसमक्ष म्हणालो. पेन दत्तूपुढे ठेवले.
"आदी चाय तं येऊ दे."
चहा झाला. पेन कोणी उचलले नाही. तेव्हा वै. बोलावल्याशिवाय ओटीवर आली आणि जमिनीवर नकाशा पसरून बसली. दत्तूने चष्मा लावला. "आपली वाट कंची, दाखव बरं." ती सांगू लागली. मध्ये कोणी बोलले नाही. मीही नाही.