दोन ठोके आणि एक काळा सूट

नोवी साद, १८ ऑक्टोबर १९८४

ती. देसांकामावशीस,
विश्न्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या घरात पाणी बोलतं, हे तू सांगितलं नव्हतंस. सोमवारी इमारतीचं हीटिंग सुरू झालं. आधी तळमजल्यावर कुणीतरी ढेकर दिला, मग तोच ढेकर भिंतीतून मजला-मजला चढत आला आणि तुझ्या खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये शिरून गुळगुळ, कटकट, धाड! अंथरुणात पडून ऐकलं की वाटतं, सगळी इमारत नांगर उचलून डॅन्यूबमध्ये निघाली आहे आणि आपण सगळ्यात वर, डोलकाठीशी. मला आवडतं खरं म्हणजे. पण रेडिएटर गार तो गारच.

युलिष्काकाकू दुसऱ्या मजल्यावरून जिन्यात येऊन ओरडल्या, की वर माणूस राहतं का कबुतर? मी म्हटलं, कबुतरच, पण गारठलेलं. तर म्हणाल्या, मग चोचीने नको, हाताने ठोक, दोन दणके दिले की सुतासारखा सरळ येतो, माझा नवराही तसाच होता. म्हणून मी सूपचा डाव घेतला आणि पाइपवर दोन दणके हाणले. आवाज थांबला, क्षणभर.

आणि मग गंमत. दारावरची घंटा वाजली. तुझ्या बरोब्बर खालचे त्रिफुनकाका. काळा सूट, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं, हातात पिवळ्याधमक, नासपतीसारख्या बिहीच्या फळांची परडी. माझ्या खांद्यावरून आत बघत होते. मावशी अजून रुझामावशीकडे समुद्रावरच आहे म्हटल्यावर ‘अस्सं’ म्हणाले, परडी माझ्या हातात दिली, आणि खाली कॉफी ठेवलीच आहे तर पिऊन जा म्हणाले. मी गेले. सोनेरी काठाचे दोनच कप मांडले होते. तुमच्या इमारतीत आवाजाची तक्रार करायला सूट घालतात का गं?

फळं कपाटावर ठेवली आहेत, घरभर वास सुटलाय. त्यावरून आठवलं, कार्लोव्त्सीला द्राक्षं तोडायला गेले होते तेव्हा एका माणसाकडे पाळलेला करकोचा पाहिला. त्याबद्दल पुढच्या वेळी.

पत्राची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी विश्न्या

—

हर्सेग नोवी, २५ ऑक्टोबर

चि. विश्न्यास,
अनेक आशीर्वाद.

अगं भवाने, दोन? नक्की दोनच?

करकोचा राहू दे बाजूला. द्राक्षं तोडायला तू गेलीस कधी, ते मला कळलं. पाइपात थंड पाणी भरून बघतात त्या दिवशी घरी राहा, प्रवेशद्वारावर नोटीस लागेल, असं जाताना बजावलं होतं ना? आपण सगळ्यात वर. खालच्या चारही घरांची हवा आपल्याकडे येऊन साठते. ती आपण सोडायची असते. वरच्या माणसाने दार बंद करून भटकायला जायचं आणि खालच्यांनी कुडकुडायचं, हे मी वीस वर्षांत कधी होऊ दिलं नाही. छोटी पितळी चावी शिवणाच्या डब्यात आहे. रेडिएटरच्या कडेला नखाएवढा स्क्रू दिसेल. खाली तसराळं धर, हळूच फिरव, फुसफुस संपून पाण्याची धार लागली की लगेच बंद कर.

आता दुसरं. हे वाचून हसायचं नाही. ऑगस्टमध्ये त्रिफुननी मला विचारलं, की दोघं एकेकटेच आहोत, तर एकाच घरात राहावं का, रीतसर, कचेरीत सह्या करून. मी म्हटलं, समुद्रावरून परत आले की पाइपवर वाजवून सांगेन. एक ठोका म्हणजे विषय संपला. दोन म्हणजे कॉफी ठेवा.

कळलं ना, तू काय केलंस ते?

खाली जा आणि सांग, की तो सूपचा डाव होता. नीट सांग, तुझ्या पद्धतीने नको. मी अजून काहीच ठरवलेलं नाही. इथे ऊन छान आहे, रुझा राहा म्हणते, गुडघाही बरा आहे.

शहाण्यासारखी वाग, म्हणजे आशीर्वाद वाया जाणार नाहीत.

तुझी मावशी

—

नोवी साद, २ नोव्हेंबर

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

हसले नाही. थोडीशीच.

हवा सोडली. केवढी गं ती! फुसफुस संपेचना. वाटलं, खालच्या सगळ्यांचे उसासे असतील, उन्हाळाभर अडकलेले. मग थुंकल्यासारखं काळं पाणी आलं, लोखंडाचा वास मारणारं, आणि धार लागली. तसराळं भरलं, माझे मोजेही भरले. पण हात लावला तर रेडिएटर मांजराच्या पोटासारखा कोमट. युलिष्काकाकू आल्या आणि म्हणाल्या, कबुतराला अक्कल आली वाटतं, आणि खसखशीच्या वडीचा मोठा तुकडा देऊन गेल्या.

आता धडधड नाही, त्यामुळे पाइपातून बारीकसारीक सगळं ऐकू येतं. कुणाची बशी, कुणाचा रेडिओ. आणि त्रिफुनकाका गुणगुणतात. मावशी, मी त्यांना सांगायला तीनदा खाली गेले. पहिल्यांदा ते खिडकीच्या चौकटीला निळा रंग देत होते, वरच्या बाईंना निळा आवडतो म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी मला तीस वर्षं नदीवर बजरे, म्हणजे त्या लांबलचक मालवाहू बोटी, कसे हाकले ते सांगितलं. धुक्यात पुढची बोट दिसत नाही, तेव्हा तिचं पाणी कसं कापलं जातंय ते ऐकायचं असतं, आणि मी ऐकत बसले आणि विसरलेच. तिसऱ्यांदा दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला, आणि मीठ मागून परत आले. आता माझ्याकडे खूप मीठ आहे.

मला एवढंच सांग. माझा डाव मध्ये आलाच नसता, तर तू किती वाजवणार होतीस? ते कळलं तर मला सांगायला सोपं जाईल.

राग आला तरी पत्र लिहीतच जा.

तुझी विश्न्या

—

हर्सेग नोवी, ८ नोव्हेंबर

चि. विश्न्यास, आशीर्वाद.

किती वाजवणार होते ते मला ठाऊक असतं, तर मी नोव्हेंबरात इथे मासे साफ करत बसले असते का?

तुझे काका गेल्यापासून मी माझी बशी माझ्या जागी ठेवते. एकोणसाठ वर्षांची बाई. युलिष्का काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, की घोडी म्हातारी झाली आणि घुंगरू मागायला लागली. शिवाय त्रिफुन सकाळी सहाला खोकतात आणि कपाटाचं दार आपटतात. सगळं वर ऐकू येतं मला. आणि इथे येऊन पाहते तर सहाला आपोआप जाग येते, समुद्राचा आवाज येतो, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. रुझा म्हणते, म्हातारपणी झोप कमी होते. असेल.

पण माणसाला खोट्या आनंदात ठेवणं हे पाप आहे. निळा रंग काय लावतात! आजच्या आज जा. मीठ मागू नकोस. सांगून टाक, आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही, मधे करकोचे न घालता.

माझं मन तुझ्यापाशी आहे, ते नीट सांभाळ.

तुझी मावशी

—

नोवी साद, १४ नोव्हेंबर

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

सांगितलं. जसंच्या तसं लिहिते.

ते खिडकीशी अक्रोड फोडत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, काका, ते दोन ठोके मावशीचे नव्हते, माझे होते, सूपच्या डावाचे. ते फोडत राहिले. मग म्हणाले, की ते मला तेव्हाच माहीत होतं. मी म्हटलं, कसं काय? तर म्हणाले, वेडे, देसांका पाइपवर वाजवते ती आधी माफी मागितल्यासारखी. वीस वर्षं ऐकतोय. तुझं ते वाजवणं म्हणजे भंगारवाला बादली सरळ करत होता!

मी विचारलं, मग सूट कशाला घातला? मावशी, ते जरा लाजले. म्हणाले, ऑगस्टपासून हँगरला लटकत होता. म्हटलं, ठोके खोटे असतील, पण जिना तर खरा आहे. तिने होच म्हटलं असतं, तर तो चढताना कसं वाटलं असतं, ते एकदा बघून घ्यावं. नंतर बघायला मिळेल न मिळेल. वर दारात मी दिसले तेव्हा वाईट वाटलं का, असं विचारलं, तर म्हणाले, थोडंसं, पण चढताना फार छान वाटलं.

मग मला अक्रोड दिले. आणि म्हणाले, तिला लिहू नकोस हं हे, उगीच ओझं होईल तिच्यावर. मी बरं म्हटलं. पण तू जसंच्या तसं म्हणाली होतीस, आणि तू सख्खी मावशी आहेस.

खिडकीचा रंग वाळलाय. नदीवर धुकं उतरलं की ती चौकटच तेवढी दिसते, मागे घर नसल्यासारखी.

जमलं तर माझ्यावर रागावू नकोस.

तुझी विश्न्या

—

हर्सेग नोवी, १९ नोव्हेंबर

चि. विश्न्यास,

घाईत लिहिते, रुझा टपालात टाकायला थांबली आहे.

खोटं आहे हे माहीत असून जो माणूस दाढी करून, सूट घालून जिना चढतो, त्याला पाइपवरून उत्तर द्यायचं नसतं. एवढं मला कळायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी इथून निघणाऱ्या बसने येते आहे. संध्याकाळी पोहोचेन. तू स्टँडवर यायचं नाहीस. खरंच यायचं नाहीस, कोपऱ्यामागे लपूनसुद्धा नाही.

मी ऑगस्टमध्ये सुती कपड्यांवर निघाले होते, आणि तिकडे आता बर्फ पडायला आला असेल. माझा तपकिरी लोकरी कोट आतल्या कपाटात आहे. तो झटक, खिशातल्या डांबरगोळ्या काढ, आणि त्रिफुनना नेऊन दे. म्हणावं, सोमवारी संध्याकाळी तो घेऊन स्टँडवर या. आणखी काही सांगू नकोस. त्यांना कळेल.

तुझी मावशी