कडूबाई गुरुवारी आली नाही

वडवणी
दि. २० जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप अण्णांना,
शिवांजलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईची शेंगदाण्याची चटणी मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केली. समाजकार्याची परीक्षा जवळ आली आहे. वस्तीवर जाऊन करायचं काम मात्र थांबलंय.

संक्रांतीला घरी आले तेव्हा तुम्हाला वस्तीवरच्या कडूबाईचं सांगितलं होतं. सांगायला नको होतं. कुणाच्या घरात ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं नाही, हा आमच्या शिक्षणाचा पहिलाच धडा. पण अण्णांना सांगणं म्हणजे बाहेर सांगणं थोडंच, असं वाटलं. नवरा मारतो, सासरा कोंडून ठेवतो, गुरुवारी ती माझ्यासोबत बीडला निघणार, सगळं तिळगूळ खाता खाता बोलून गेले. फार शहाणी समजत होते स्वतःला.

गुरुवारी सकाळी आठपासून स्टँडवर बसले. बीडच्या तीन गाड्या गेल्या.

काल वस्तीवर गेले. भर दुपारी मेंढ्या वाड्यातच होत्या, कुणी चरायला नेल्या नव्हत्या. मला पाहून बायकांनी दारं लोटली. कडूबाईची चप्पल उंबऱ्याशी होती. तिचा सासरा सटवा हसून म्हणाला, बसा की. सून माहेरी गेली म्हणे. तिला माहेरचं कुणीच उरलेलं नाही, अण्णा. मी उठले तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या अण्णांचे लई उपकार हायेत, ताई. त्यांनी येळेवर सांगितलं, न्हाईतर घराची अब्रू गेली असती."

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी दुकानात बसवून, चहा पाजून तुम्ही कितीतरी संसार सांधलेत. सटवा आपलं जुनं गिऱ्हाईक. सुनेला नीट नांदवा, नाहीतर गुरुवारी निघून जाईल, एवढंच म्हणाला असाल. त्याने तेवढा गुरुवार लक्षात ठेवला. मला तुमचा राग येतो आणि माझा त्याहून जास्त.

आज सकाळी पोलिसांत जबाब दिला. तिचा बेत सटवाला कसा कळला, असं त्यांनी विचारलं. आधी माझं नाव सांगितलं, मग तुमचं.

तुम्हाला बोलावणं येईल. या वेळी समेट करायला येऊ नका. जे बोललात ते जसंच्या तसं सांगायला या.

पत्र दिंद्रुडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. वस्तीवरच्या विहिरीत गळ टाकलेत, असं आत्ताच कळलं. मी तिकडे निघाले.

तुमच्याइतकीच चुकलेली,
शिवांजली